माघात छाटायची, मार्गशीर्षात तोडायची

आमच्या सोसायटीत दर फेब्रुवारीत जिन्याखाली शेवंतीच्या कुंड्या येऊन पडतात. डिसेंबरात नर्सरीतून हौसेनं आणलेल्या, महिनाभर टीपॉयवर मिरवलेल्या. फुलं तपकिरी झाली, खालची पानं वाळली, की ‘मेली’ म्हणून रवानगी थेट कचऱ्याच्या डब्याशेजारी. मी त्या उचलून गच्चीवर नेते. माझ्या तीसेक कुंड्यांतल्या अकरा अशा फुकटात आल्यात. ज्यांनी टाकल्या त्याच बायका मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी परडी घेऊन वर येतात. फुलं देते मी, पण त्याआधी दोन वाक्यं ऐकवतेच.

शेवंती अशी मरत नाही. वरचा भाग वाळतो, बुडाशी जीव असतो. जानेवारीच्या शेवटी कुंडीतली माती बोटानं जरा बाजूला करून बघा, पांढुरके-हिरवे कोंब वर यायला लागलेले दिसतील. माझं माहेर नगर तालुक्यातलं. तिकडे शेवंती शेतात होते, अकोळनेर तर शेवंतीचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. आमच्याकडे या बुडातल्या फुटव्यांना काश्या म्हणतात आणि पुढच्या वर्षीचं सगळं पीक त्यांच्यावरच उभं असतं. दादा अजूनही अर्धा एकर लावतो. त्याच्याकडून शिकले ते आणि पुण्यातल्या गच्चीवर माझं मीच चुकून शिकले ते, असं दोन्ही इथे लिहिते.

आधी कुठली शेवंती लावायची ते ठरवा. नर्सरीत सगळ्यांना ‘शेवंती’ एवढंच नाव असतं, पण त्यांचे स्वभाव वेगळे.

हार-वेणीची शेवंती ती सुटी विकली जाणारी, किलोवर तोलायची. आमच्या लहानपणी झिपरी, राजा, रेवडी ही नावं कानावर असायची. रेवडीत पांढरी आणि पिवळी दोन्ही. सोनाली तारा पिवळी. आता दादाकडे पौर्णिमा ही पांढरी आणि ऐश्वर्या ही पिवळी असते, कारण व्यापारी तीच मागतात. या जातींचं झाड काटक, फुलं मध्यम आणि भरपूर. गच्चीवर पहिल्यांदाच लावणार असाल तर यातलीच घ्या. फूल तोडून दुसऱ्या दिवशीही वेणीत ताजं राहतं, हा यांचा खरा गुण. दिसायला इतर जाती कितीही देखण्या असोत, वेणीत टिकत नसतील तर आमच्या घरी त्यांना दुय्यम मान.

दुसरी, बाजारात जिला ‘शेवंती काडी’ म्हणतात ती. एका दांडीवर पाच-सात फुलं, पुष्पगुच्छात असतात ती. ही पॉलिहाऊसमध्ये करतात. तिथे रात्री दिवे लावून किंवा दिवसा काळं कापड ओढून शेतकरी झाडाला हवा तो ऋतू दाखवतो, त्यामुळे ती बाराही महिने मिळते. गच्चीवर ती लावता येते, पण दांड्या लांब होतात, वाऱ्याला पडतात.

तिसरी, नर्सरीतली ती बुटकी, घुमटासारखी गच्च फुललेली कुंडी. इथे बऱ्याच जणींची फसगत होते, म्हणून नीट सांगते. त्यातल्या बहुतेक झाडांना वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं. त्याचा असर पहिल्या वर्षापुरताच. पुढच्या वर्षी तेच झाड दीड-दोन फूट होतं आणि लोक म्हणतात, ‘जात बदलली!’ जात तीच आहे हो, औषध उतरलं. जन्मतःच बुटक्या, शेंडा न खुडता आणि काठी न लावता आपोआप गोल होणाऱ्या जातीही आहेत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं अशा पुष्कळ काढल्या. मिळाली तर ती आळशी माणसाची शेवंती समजा, आणि मी आळशीपणाला नावं ठेवत नाही.

चौथी, प्रदर्शनातली. एका झाडाला एक किंवा तीन फुलं, पण ती नारळाएवढी. पाकळ्या आत वळून चेंडू झालेली, पाकळ्या बाहेर लोंबणारी, कोळ्याच्या पायांसारख्या लांब नळ्यांची, टोकाला चमचा असलेल्या नळ्यांची, मधे उशीसारखा फुगवटा असलेली. आणि बटणाएवढी गोल, तिला पॉम्पॉन म्हणतात. चंडीगडला आणि लखनौला डिसेंबरात नुसत्या शेवंतीची प्रदर्शनं भरतात. आपल्याकडे पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत असतं, पण तोवर शेवंती उतरणीला लागलेली असते. मी दोन वर्षं हा मोठ्या फुलाचा नाद केला. एका फुलासाठी सहा महिने राबायचं आणि ते देवाला वाहायचं तर हात होत नाही. सोडला.

बिजली नावाची शेवंती ही वेगळी गोष्ट. ती बियांपासून येते, एका हंगामात संपते. तिचे फुटवे राखत बसू नका. आणि अॅस्टर म्हणजे शेवंती नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे. शेवंतीचं पान कापलेल्या कडांचं असतं, चुरगाळलं की कडसर, थोडा कापरासारखा वास येतो. हा वास हाताला दिवसभर राहतो. काही जणांच्या हाताला पानांनी खाजही सुटते, तशी सुटत असेल तर हातमोजे घाला. मांजर असलेल्यांनी कुंड्या उंचावर ठेवाव्यात, कारण पानं त्याच्या पोटाला बाधतात.

आता कामाला लागू.

फुलं संपली की, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, सगळ्या दांड्या मातीपासून चार बोटं ठेवून छाटून टाका. कीव करू नका. वरचा इंचभर मातीचा थर खरवडून काढा, मूठ-दोन मूठ जुनं शेणखत किंवा गांडूळखत घाला, पाणी द्या. पंधरा दिवसांत कुंडी कोंबांनी भरते. ही तुमची आई-झाडं. मार्च ते मे त्यांना फक्त जगवायचं. दुपारच्या उन्हातून काढून भिंतीच्या पूर्वेला ठेवा, रोज सकाळी पाणी. उन्हाळ्यात त्यांच्याकडून फुलांची अपेक्षा नाही, एखादं चुकार फूल आलं तर खुडून टाका.

दादा शेतात एप्रिल-मेमध्ये काश्या लावून मोकळा होतो. सरी-वरंब्यावर, दोन फुटांवर ओळ आणि एक फुटावर रोप. गच्चीवर मला जूनचा पहिला आठवडा बरा वाटतो. हवेत ओल आलेली असते, रोप कोमेजत नाही. दोन मार्ग आहेत. फुटवा मुळासकट वेगळा करून लावायचा, हा सोपा. किंवा शेंड्याची कलमं करायची, हा चांगला, कारण शेंड्याबरोबर मातीतले रोग येत नाहीत आणि सगळी झाडं एकसारखी वाढतात.

कलमाचं मी कसं करते ते सांगते. कोवळा शेंडा घ्यायचा, करंगळीएवढा लांब. वाकवला की ‘टक’ करून मोडला पाहिजे. नुसता वाकला तर जून झालाय, कलमाला नको. खालची पानं काढायची, वर तीन-चार ठेवायची. मुळं फुटवायची पावडर असेल तर टोक बुडवायचं, नसेल तरी शेवंती रुसत नाही. बारीक वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, दह्याच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात भरायचं, पेन्सिलीनं भोक करून शेंडा खोचायचा. शेंडा तसाच दाबून खोचला तर साल सोलते आणि तिथूनच कुजतो. डबा सावलीत. रोज फवाऱ्यानं पाणी. पंधरा ते वीस दिवसांनी शेंडा हलकेच ओढून पाहायचा, त्यानं मातीला धरून ठेवलं असेल तर मुळं आली. मी दर चार दिवसांनी ओढून बघायचे, म्हणून पहिल्या वर्षी निम्मी कलमं गेली.

मातीबद्दल एकच आग्रह. शेवंतीला पाणी आवडतं, पण पाण्यात उभं राहणं आवडत नाही. पुण्याची काळी माती कुंडीत भरलीत तर जुलैत झाड गेलंच म्हणून समजा. दोन घमेली पोयटा किंवा लाल माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कुंडी आठ ते दहा इंची पुरते. आधी छोट्या पिशवीत वाढवून मग मोठ्या कुंडीत हलवलीत तर मुळं जास्त भरतात. पावसाळ्यात कुंड्या विटांवर चढवा. जुलैच्या झडीत खालची पानं आधी पिवळी, मग काळी पडून दांडीला लोंबायला लागली, तर दोन कारणं संभवतात: मुळं बुडालीत किंवा ठिपक्यांचा करपा आलाय. दोन्हीवर पहिला उपाय एकच. खालची पानं काढून वारा खेळू द्या, पाणी पानांवर न घालता मातीत घाला, आणि काढलेली पानं कुंडीतच टाकू नका.

आता शेंडा खुडणं. नव्या माणसाचा हात इथेच अडखळतो. रोप वीतभर झालं, पाच-सहा पानांच्या जोमात आलं, की वरचा शेंडा दोन पानांसकट नखानं खुडायचा. बगलेतून तीन-चार फांद्या येतात. त्या बोटभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. एका शेंड्याच्या चार फांद्या, चाराच्या बारा. माझी आई हे काम श्रावणात करायची, सोमवारच्या उपासाच्या दिवशी, ‘रिकामं तोंड आहे तर हात तरी चालू दे’ म्हणत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यानंतर मात्र शेंड्याला हात लावायचा नाही. सप्टेंबरात रात्र वाढायला लागते आणि झाड शेंड्यात कळी धरायच्या तयारीला लागतं. तेव्हा खुडलंत तर कळीच खुडली.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती ऐका.

काही वर्षांपूर्वी गच्चीवरच्या टाकीचा पितळी नळ चोरीला गेला. सोसायटीनं टाकीवर मोठा एलईडी दिवा बसवला, संध्याकाळी सहाला लागायचा तो सकाळी सातपर्यंत. मला बरंच वाटलं, रात्री कपडे काढायला जाताना अंधार नाही. नोव्हेंबर उजाडला. माझी शेवंती कंबरेएवढी झाली, हिरवीगार, पानं तळहाताएवढी, आणि कळीचा पत्ता नाही. मी पोटॅश दिलं, पाणी तोडलं, एकीच्या सांगण्यावरून ताकही घातलं. डिसेंबर लागला तरी तेच. मग दादा काही कामानं पुण्यात आला होता, त्याला गच्चीवर नेलं. तो झाडांकडे बघायच्या ऐवजी टाकीच्या मागे गेला. तिथे सावलीत, जागा नाही म्हणून कोंबलेल्या चार कुंड्या होत्या, मी ज्यांच्याकडे ढुंकून पाहत नव्हते. त्या चारही कळ्यांनी लगडलेल्या. दादानं वर दिव्याकडे बोट केलं आणि म्हणाला, “अगं, हिला झोपू तरी देशील का नाही?”

शेवंतीचं असं आहे. ती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. पुण्यात जूनमधला मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर असतो, डिसेंबरातला अकराच्या आसपास. रात्र सलग लांबत गेली की झाडाला कळतं, हिवाळा आला, आता फुलायचं. मधे उजेड पडला तर त्याच्या हिशेबी रात्र तुटली, पुन्हा उन्हाळाच. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडाचं फुलणं ठरतं, हे १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकन संशोधकांनी तंबाखू आणि सोयाबीनवरून मांडलं. दादानं काही ते वाचलेलं नाही. त्याच्या शेताच्या बांधावर रस्त्याच्या दिव्याचा खांब आला तेव्हा खांबाजवळची झाडं मागे राहिली, तेवढं त्यानं पाहिलं होतं.

तर तुमच्या कुंड्या रस्त्याच्या दिव्याखाली, गॅलरीतल्या ट्यूबखाली, शेजाऱ्याच्या रोषणाईसमोर नाहीत ना, ते सप्टेंबर लागताच रात्री दहा वाजता उभं राहून बघा. जागा बदलता येत नसेल तर संध्याकाळी सहाला कुंडीवर मोठं पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला, सकाळी सातला काढा. फ्रीजचं खोकं उत्तम. काळं प्लास्टिक नको, आत उबारा होतो. एक रात्रही चुकवायची नाही, कळीला रंग दिसेपर्यंत. अंधार लागू झाल्यापासून फुलाला जातीप्रमाणे साधारण आठ-दहा आठवडे लागतात, म्हणजे मार्गशीर्षाचे गुरुवार गाठायचे तर सप्टेंबरच्या शेवटी अंधाराची सोय झालेली हवी. सोसायटीच्या सभेत मी दिव्याचा विषय काढला, लोक हसले. आता दिव्याला माझ्या बाजूनं एक पत्रा लावलाय, तो मीच माझ्या खर्चानं.

खतपाण्याचं थोडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये वाढीचं खत. मी भुईमुगाची पेंड तीन दिवस भिजवून त्याचं पातळ पाणी दर पंधरा दिवसांनी देते. वास सहन होत नसेल तर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला दोन ग्रॅम. सप्टेंबरपासून नत्र कमी करायचं, पोटॅश द्यायचं. कळीला रंग आला की सगळी खतं बंद. उशिरापर्यंत नत्र दिलं की पानं माजतात, फुलं मऊ पडतात आणि मावा पाव्हण्यासारखा येऊन राहतो.

तो मावा येतोच म्हणा. काळा, चकचकीत, कळीच्या मानेला चिकटून बसलेला. ऑक्टोबरच्या ढगाळ आठवड्यात एका दिवसात भरतो. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, लागोपाठ तीन दिवस, आणि मग कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी. मुंग्या झाडावर चढताना दिसल्या की समजायचं, मावा आहे. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होत असतील तर फुलकिडे, त्यासाठी पिवळे-निळे चिकट कागद टांगा. कळीला गोल भोक असेल तर आत अळी आहे, ती हातानंच काढा. गंमत म्हणजे, डासांच्या अगरबत्तीतल्या औषधाचं मूळ रूप, पायरेथ्रम, शेवंतीच्याच एका भावकीतल्या फुलांपासून मिळतं. घरच्या शेवंतीला मात्र त्याचा काही उपयोग नाही, किडी तिच्यावर खुशाल नांदतात.

ऑक्टोबरात काठ्या लावा. झाड पडल्यावर लावलेल्या काठीनं दांडी सरळ होते पण कळीची मान वाकडीच राहते. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा, म्हणजे दांडी काठीवर घासत नाही.

कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्या की ठरवायचं. मोठं फूल हवं तर प्रत्येक फांदीची मधली कळी ठेवून आजूबाजूच्या खुडायच्या. झुपका हवा तर उलट, मधलीच खुडायची, कारण ती आधी फुलून आधी सुकते आणि बाकीच्या फुलायच्या वेळी झुपक्यात मधोमध म्हातारी बसलेली दिसते. वेणीच्या शेवंतीला यातलं काही करू नका.

तोडणी सकाळी, दव वाळल्यावर. ओली फुलं डब्यात भरलीत तर संध्याकाळपर्यंत काळवंडतात. दादाचं अर्धं दुखणं हेच आहे, नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला की भिजलेला माल पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात पोचेपर्यंत उतरतो. फूल पूर्ण उमललेलं पण मधला भाग अजून घट्ट असलेलं तोडावं. अर्धं उमललेलं तोडलंत तर ते नंतर उमलत नाही. देठ अर्धा इंच ठेवा, वेणीत दोरा धरायला लागतो. दांड्या फुलदाणीत ठेवायच्या तर पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, दर दोन दिवसांनी पाणी बदला, पंधरा दिवस सहज राहतात.

एक काम मात्र फुलं असतानाच करून ठेवा. कुंडीवर रंग आणि जात लिहा, ऑइलपेंटनं, कारण मार्करचं लिखाण उन्हात उडतं. छाटल्यावर सगळ्या कुंड्या सारख्याच दिसतात आणि जूनमध्ये कुठला शेंडा पांढऱ्याचा, कुठला पिवळ्याचा, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. जिन्याखालून आणलेल्यांचा रंग तर मला पहिल्या वर्षी कळतच नाही. त्यांच्यावर मी ‘बघू’ असं लिहिते. सध्या गच्चीवर तीन ‘बघू’ आहेत. एकीला गेल्या आठवड्यात कळी आलीय, टोकाला किंचित जांभळी झाक दिसतेय.